आमचं कोरडं अंदमान

जून उजाडला की दर शनिवारी सकाळी मुंबईची माणसं लोकलने भिवपुरी रोडला आणि कर्जतला उतरतात आणि भिजायला निघतात. घरून येताना त्यांच्या अंगात रेनकोट असतो, हातात छत्री असते, मोबाइल प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला असतो आणि खिडकीतून पाणी आत येतं म्हणून डब्यात एक भांडणही झालेलं असतं. कोरडं राहण्याची एवढी शिकस्त करून ही मंडळी दोन तासांनी धबधब्याखाली डोकं धरतात. स्टेशनाबाहेर मी भाजी घेत असले तर हटकून विचारतात, "काकू, धबधबा कुठे आहे?" मी समोर येईल त्या दिशेला हात करते. आजवर एकही माणूस तक्रार घेऊन परत आलेला नाही.

आम्ही इथले लोक मात्र धबधब्याखाली जात नाही. एक तर बहुतेक पावसाळ्यांत धबधब्यांवर आणि धरणांवर जायला प्रशासनाचा मनाई आदेश निघतो, आणि तो वाचणारे फक्त आम्हीच असतो. दुसरं म्हणजे आम्ही चार महिने घरातल्या घरात भिजतच असतो. गाद्या दमट, पापड दमट, मिठाला पाणी सुटलेलं, चपलांना बुरशी आणि कपाटातल्या शालूलाही बुरशी. २७ जुलै २०१९ला बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस उल्हास नदीच्या पुरात अडकली, तेव्हा हजारभर प्रवाशांना बाहेर काढायला एनडीआरएफच्या बोटी आल्या, नौदलाचे पाणबुडेही आले. रेल्वेच्या प्रवाशांसाठी जिथे पाणबुडे बोलवावे लागतात, तिथल्या माणसाने आणखी पैसे भरून पाण्यात का शिरायचं?

तरीही आम्ही अंदमानला गेलो. आम्ही म्हणजे मी, आमचे हे, खोपोलीच्या वन्सं, त्यांचे यजमान (म्हणजे भाऊजी), त्यांचा मुलगा आणि कर्जत-खालापूरकडची काही पेन्शनर मंडळी. कल्पना भाच्याची. तो पुण्यात नोकरी करतो, त्यामुळे त्याला पाण्याची आवड आहे.

बातमी फुटायला एक दिवसही लागला नाही. आणि ज्याच्या कानावर गेली त्याने एकच प्रश्न विचारला, "स्कूबा करणार ना?" न्हावी, किराणावाला, गॅसच्या टाक्या आणणारा मुलगा, सगळे. भाजीवाली म्हणाली, "ताई, ते पाठीला टाकी बांधून तळाला जातात, ते करा हो. त्याच्याशिवाय पैसे फुकट." मला नदीचा पूल ओलांडून दहिवलीला जायचं तर रिक्षा लागते, हे तिला चांगलं माहीत आहे. सेल्युलर जेल, प्रवाळ, शेकडो बेटं यांबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. माणसं प्रवासाला कशाला जातात, तर परत आल्यावर जे विचारलं जाणार असतं ते करून यायला.

पहिला घोळ नावांचा झाला. पोर्ट ब्लेअरचं नाव २०२४मध्ये श्री विजयपुरम झालं. त्याआधी २०१८च्या डिसेंबरात हॅवलॉकचं स्वराज द्वीप, नीलचं शहीद द्वीप आणि रॉसचं नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप झालं होतं. टूरवाल्यांच्या कागदावर नवी नावं, ड्रायव्हरच्या तोंडी जुनी. वन्सं परत आल्यावर खोपोलीत सगळ्यांना सांगत होत्या की आम्ही सहा बेटं पाहिली.

दुसरा घोळ सूर्याचा. अंदमान कर्जतपेक्षा जवळजवळ वीस रेखांश पूर्वेला आहे, पण घड्याळ तेच. म्हणजे सूर्य आपल्यापेक्षा तासाभराहून अधिक पुढे. हिवाळ्यात तिथे पाच-सव्वापाचला सूर्यास्त होतो. आमच्या ह्यांचा दुपारचा चहा पाचला असतो. तो घेऊन, तोंड पुसून, "चला, आता फिरायला जाऊ," म्हणत ते बाहेर आले तेव्हा मिट्ट काळोख होता. "अगं, आपण किती वेळ झोपलो?" त्यांनी घाबरून विचारलं. सकाळी याच्या उलट. साडेपाचला डोळ्यांवर ऊन. टूर मॅनेजर दारं वाजवत फिरे, "काका, काकू, उशीर झाला!" बाहेर पाहावं तर तो खरं बोलतोय असं वाटे, घड्याळात पाहावं तर तो खोटा. शेवटपर्यंत कुणावर विश्वास ठेवायचा ते ठरलं नाही.

सेल्युलर जेल आम्ही दुसऱ्याच दिवशी पाहिलं. १८९६ ते १९०६ अशी दहा वर्षं बांधत होते ते. मधला मनोरा आणि त्यापासून फुटलेल्या सात लांबच लांब इमारती. त्यातल्या आता तीनच उरल्यात. सावरकरांची कोठडी वरच्या मजल्यावर, त्यामुळे जिने चढणं आलं. आमच्या कर्जतला घाट चढणाऱ्या गाडीला मागून बँकर इंजिन लावतात. तसं ह्यांना मागून मी आणि भाच्याने ढकललं. वर पोचल्यावर मात्र सगळे गप्प झाले. १९११ साली इथे आणलेला माणूस या एवढ्याशा जागेत दहा वर्षं कसा राहिला असेल, हे कुणी बोललं नाही, पण सगळ्यांच्या मनात तेच होतं. खाली कोलू होता. कैद्याने स्वतःला जुंपून घ्यायचं आणि दिवसाला ३० पौंड तेल गाळायचं, असं गाइड सांगत होता. तेवढ्यात आमच्या मागून एक सद्गृहस्थ टूर मॅनेजरला म्हणाले, "ते ठीक आहे हो, पण आमच्या रूमचा एसी काल रात्री नीट चालत नव्हता." गाइड थांबला. कोलूकडे बघितलं, सद्गृहस्थांकडे बघितलं आणि पुढे चालू लागला. ते सद्गृहस्थ आमच्या तालुक्यातलेच निघाले, हे इथे सांगायला हवं.

रॉस बेटावर इंग्रजांची राजधानी होती. चर्च, बेकरी, नाचघर, सगळं थाटाचं. १९४१चा भूकंप आणि १९४२ला आलेले जपानी यांनी तो थाट संपवला. आता भिंती कमी आणि भिंतींना विळखा घातलेली वडा-पिंपळाची मुळं जास्त. हरणं माणसाळलेली, हातातलं खातात. वन्संनी खोपोलीहून आणलेला चिवडा हरणाने नाकारला, त्याचा त्यांना मनापासून राग आला. "मेल्याला तिखट लागलं वाटतं." मग त्याच हरणाने भाऊजींच्या शर्टाच्या खिशात तोंड घालून परतीच्या बोटीचा टोकनाचा कागद खाल्ला. धक्क्यावरच्या माणसाला ते समजावताना भाऊजींचं हिंदी उघडं पडलं. "हरिण ने खाया." "क्या खाया?" "हमारा जाने का." शेवटी टूर मॅनेजरने मध्ये पडून आम्हाला बोटीत चढवलं.

मग वीस रुपयांच्या नोटेचं प्रकरण. २००१ साली आलेल्या लालसर नोटेच्या पाठीवर जे माडांचं दृश्य आहे ते इथलंच, नॉर्थ बेकडचं. बोट त्या टापूत आली की गाइड सांगतो, "नोट काढा आणि ताडून बघा." सगळी बोट पाकिटं उघडून बसली. कुणाकडेच लाल नोट नाही. सगळ्यांकडे २०१९ची नवी, पोपटी-पिवळी. तिच्यावर वेरूळ. कर्जतपासून तीन हजार रुपयांत पाहून होणारं वेरूळ हातात धरून, लाखभर खर्चून आलेले आम्ही त्या माडांकडे पाहत होतो. भाऊजींना तर उलटाच धक्का बसला. "आपण वेरूळ पाहिलंय का गं?" त्यांनी वन्संना विचारलं. पाहिलेलं नव्हतं.

आणि मग आलं स्वराज द्वीप. इथे भाच्याने कुणाला न विचारता सगळ्यांची नावं स्कूबाला देऊन टाकली.

पुरुषमंडळींनी आधी नेहमीची ढाल पुढे केली, "आम्हाला पोहता येत नाही." प्रशिक्षक हसला. "अंकल, तैरना आना ज़रूरी नहीं. मैं पकड़ के रखूँगा." जन्मभर जपलेली सबब एका वाक्यात गेली. पण देव दयाळू असतो. त्याने पुढे एक फॉर्म पाठवला. हृदयविकार आहे का, रक्तदाब आहे का, दमा, फिट्स, कानाचं ऑपरेशन, नुकतीच झालेली सर्दी?

आमचे हे दर महिन्याला डॉक्टरांकडे जातात तेव्हा त्यांना काही म्हणजे काही होत नसतं. "मला काय धाड भरलीय? हिनेच आणलंय." गोळ्या मी मोजून देते, त्या ते मोजून विसरतात. त्या फॉर्मवर मात्र त्यांनी रक्तदाबापुढे अशी ठसठशीत खूण केली की कागद फाटायचा. भाऊजी शेजारीच बसले होते.

"दम्याचं काय केलंत?"

"लिहिलाय."

"मग मीही लिहितो. आणि कान?"

"लहानपणी फुटला होता ना एकदा."

"माझाही फुटला असणार."

आमच्यातल्या एका निवृत्त गुरुजींना यातलं काहीच नव्हतं. त्यांनी 'इतर' या रकान्यात मूळव्याध लिहिली. प्रशिक्षक म्हणाला, त्याने काही अडत नाही. गुरुजींनी ती दोनदा अधोरेखित केली.

मी फॉर्मला हातच लावला नाही. मला त्याची गरज नव्हती. मी फक्त म्हणाले, "मग सामान कोण बघणार?" या चार शब्दांवर मी आजवर चौकच्या पुढचे सगळे रिसॉर्ट, खोपोलीचं वॉटर पार्क आणि अलिबागचा समुद्र कोरडी पार केला आहे. प्रत्येक सहलीत सामान सांभाळणारं एक माणूस लागतं आणि ते पद कुणी मागून घेत नाही, त्यामुळे ते मागितलं की लगेच मिळतं.

आणि मग वन्संचा फॉर्म आला. सगळ्या रकान्यांत 'नाही'. "वहिनी, मला खरंच काही नाही हो. खोटं कसं लिहू?" त्या जवळजवळ रडवेल्या झाल्या होत्या. आयुष्यभर उपास-तापास करून, खोपोलीचा चढ रोज पायी चढून त्यांनी तब्येत ठणठणीत ठेवली होती. त्याची ही शिक्षा. झेनिथच्या धबधब्यापासून एवढ्या जवळ राहूनही त्याखाली पाऊल न ठेवलेल्या आमच्या वन्संना अंगाला घट्ट बसणारा काळा रबरी पोशाख चढवण्यात आला. कमरेला शिशाची वजनं बांधली. "ही कशाला?" "नाही तर तुम्ही वर तरंगाल, आंटी." "मग तरंगू द्या ना!" प्रशिक्षक हातातल्या सोन्याच्या पाटल्या काढायला सांगू लागला. वन्संनी हात मागे घेतला. त्या पाटल्या लग्नात चढल्या तेव्हापासून उतरलेल्या नव्हत्या, आता उतरणारही नव्हत्या. साबण लावून पाहिला, तेल लावून पाहिलं. शेवटी त्याने हात टेकले आणि वन्सं पाटल्यांसकट अंदमानच्या समुद्रात उतरल्या.

आम्ही बाकीचे किनाऱ्यावर. माझ्या मांडीवर नऊ चष्मे, सगळ्यांचे मोबाइल, भाऊजींच्या कवळीची डबी, पैशांची पाकिटं, भाच्याचं स्मार्ट घड्याळ, जे मिनिटामिनिटाला मला उभं राहायला सांगत होतं. भाऊजी गुडघ्याएवढ्या पाण्यात जाऊन आले आणि कवळी परत मागून घेतली. आमचे हे तेवढंही गेले नाहीत. राधानगरच्या किनाऱ्यावर मगरींपासून सावध राहण्याचा फलक आहे. तो त्यांनी आल्याबरोबर वाचला होता आणि पुढचे सगळे दिवस ते तो येणाऱ्याजाणाऱ्याला वाचून दाखवत होते.

अर्ध्या तासाने वन्सं वर आल्या. आम्ही सगळे धावलो.

"काय काय दिसलं?"

वन्संनी श्वास घेतला. "मासे होते. केवढे तरी. पिवळे, निळे, पट्ट्यापट्ट्यांचे." मग जरा विचार करून म्हणाल्या, "पण पापलेट नव्हतं."

काचेच्या तळाची एक बोट असते, तिच्यातूनही प्रवाळ दिसतात, आणि ती कोरड्या माणसांसाठीच काढलेली आहे. नीलवर आम्ही तिच्यात बसलो. मधोमध काच आणि तिच्याभोवती दहा माणसांनी वाकायचं. म्हणजे प्रत्येकाला दिसतं ते समोरच्याचं टक्कल. नावाडी ओरडतो, "उधर देखो, स्टार फिश!" सगळी डोकी एकदम आत येतात, ठाण असा आवाज होतो आणि तोवर बोट पुढे गेलेली असते. गुरुजींनी दोन वेळा डोकं आपटल्यावर तिसऱ्यांदा वर न बघता शांतपणे विचारलं, "नक्की कोण फिश?"

बाराटांगचा प्रवास मला मनापासून आवडला, पण आमच्या माणसांनी तो पार कर्जतला आणून सोडला. पहाटे निघायचं, जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून गाड्यांचा ताफा एकापाठोपाठ जाणार, मध्ये थांबायचं नाही, फोटो काढायचे नाहीत, कुणाला काही खायला द्यायचं नाही. नियम इतके नेमके पाळले गेले की आमची अख्खी बस घोरत पलीकडे पोचली. पुढे खारफुटीतून होडी. मग चालत चुनखडीच्या गुहा. टॉर्चच्या उजेडात छतावरून लोंबणारे दगड पाहून हे म्हणाले, "आपल्या कोंढाण्याच्या लेण्यांपुढे हे काहीच नाही."

"तुम्ही कधी गेलात कोंढाण्याला?" मी विचारलं.

"जायला कशाला हवं? कर्जतलाच तर आहेत."

सगळ्यांनी मान डोलावली. त्या गुहेत उभे असलेले आम्ही कर्जतकर दोन हजार वर्षं जुन्या कोंढाण्याला कधी गेलो नव्हतो, पेठच्या किल्ल्यावर चढलो नव्हतो, आणि माथेरानची गाडी १९०७पासून नेरळहून सुटते, तिच्यातही बसलेलो नव्हतो, कारण ते सगळं जवळ आहे आणि कधीही पाहता येतं. खालापूरकरांची तीच गत. त्यातले काही महडच्या वरदविनायकालासुद्धा पुण्याचे पाहुणे आले तरच जातात.

मग चिखलाचा ज्वालामुखी. या शब्दांनी सगळ्यांच्या अपेक्षा फार वाढवल्या होत्या. चढून वर गेलो तर कुंपणाच्या आत राखाडी चिखल आणि त्याच्या मधोमध एक बुडबुडा. तो फुगतो, फुटतो, मग दुसऱ्याची वाट पाहायची. जमिनीखालचा वायू चिखलाला वर ढकलतो, असं गाइड फार मन लावून समजावत होता. खालापूरचे एक काका बराच वेळ वाकून पाहत राहिले.

"हा खोल किती असेल?" त्यांनी विचारलं.

"मालूम नहीं, अंकल."

"आमच्याकडच्या रस्त्यात जुलैमध्ये असले बरेच असतात. त्यात आमची स्कूटर जाते. हे कुंपण मात्र चांगलं केलंय." त्यांनी कुंपणाचा वेगवेगळ्या बाजूंनी फोटो काढला. ज्वालामुखीचा काढला नाही.

परतताना विमानतळावर सामानाची तपासणी कडक असते. शंख, शिंपले, प्रवाळाचे तुकडे उचलून आणायला मनाई आहे आणि ते योग्यच आहे. यंत्राने ह्यांच्या बॅगेत एक पांढरट, ओबडधोबड खडा दाखवला. जवान आला. "सर, कोरल है?" ह्यांना काही कळेना. बॅग उघडली. धोतर, मेतकूट, लसणीची चटणी, चिवडा (हरणाने नाकारलेला), आणि सगळ्यात खाली दाढीनंतर गालाला फिरवायची तुरटी. जवानाने ती उलटसुलट केली, वास घेतला, अधिकाऱ्याला बोलावलं. अधिकाऱ्याने तिसऱ्याला बोलावलं. शेवटी ह्यांनी ती पाण्यात बुडवून भर विमानतळावर स्वतःच्या गालावर फिरवून दाखवली, तेव्हा सुटका झाली.

कर्जतला आल्यावर पहिल्या तासातच भाच्याने ग्रुपवर फोटो टाकला. निळं पाणी, पट्ट्यापट्ट्यांचे मासे, आणि मध्ये काळा पोशाख घातलेली, तोंडावर काच आणि नळी असलेली व्यक्ती अंगठा आणि तर्जनी जुळवून 'ठीक' अशी खूण करत्येय. मुखवट्याआड नाक, डोळे, मिशा, काही म्हणजे काही दिसत नाही. संध्याकाळपर्यंत तोच फोटो मला तीन वेगवेगळ्या पुरुषांच्या स्टेटसवर दिसला. भाऊजींनी खाली 'वयाला मर्यादा नसते' असं लिहिलं होतं. गुरुजींनी इंग्रजीत काहीतरी लिहिलं होतं. वन्संना स्टेटस ठेवता येत नाही.

आमच्या ह्यांनी तो फोटो भाजीवालीला, न्हाव्याला, गॅसवाल्या मुलाला दाखवला. सगळे खूष झाले. पैसे वसूल झाल्याचं समाधान त्यांच्या चेहऱ्यांवर ह्यांच्यापेक्षा जास्त होतं. तेवढ्यावर थांबावं की नाही? पण महिन्याची तपासणी आली आणि हे फोन घेऊन दवाखान्यात शिरले.

डॉक्टरांनी ब्लडप्रेशरचा पट्टा गुंडाळता गुंडाळता फोटो पाहिला. "अरे वा! काका, किती खोल गेलात?"

"असेन दहा-बारा मीटर."

"कमाल आहे. या प्रेशरमध्ये तुम्हाला सोडलं कसं?"

"तिथे फॉर्म असतो," हे म्हणाले. हे मात्र खरं होतं.

डॉक्टरांनी दोन बोटांनी फोटो मोठा केला. आणखी मोठा केला. मग चष्मा कपाळावर सरकवून ह्यांच्या मनगटांकडे पाहिलं, आणि परत फोटोकडे.

"काका, आणि या पाटल्या?"

"त्या होय," हे शांतपणे म्हणाले, "तिथे सगळ्यांनाच घालतात. वजनासाठी."